मुक्या डोहातली ट्राउट

अंड्यांनी भरलेली ट्राउट माशाची एक तरी मादी जिवंत आणायची, एवढ्याचसाठी हाल्बेरा त्या ऑक्टोबरात मुक्या डोहाकडे निघाली होती. ज्वालामुखीची राख पडल्यापासून नदीतले मासे संपत आले होते. तिच्या लहानशा मत्स्यबीज केंद्रात नर होते, मादी एकही नव्हती. सोबत होते सत्तरी ओलांडलेले इस्लेइफुरमामा आणि शेजारच्या शेतावरचा डागबियार्तुर. जीप त्याची होती. ती पलीकडच्या वाळवंटात ठेवून, हिमनदीचं करडं पाणी उथळ जागी पायी ओलांडून तिघं इकडे आले होते.

डोहावर धुकं बसलं होतं. काळ्या लाव्हाखालून झऱ्याचं नितळ पाणी निघे, डोहात रेंगाळे आणि खाली करड्या प्रवाहाला मिळे. कशाचाच आवाज नव्हता.

मामांनी आपली गळाची, दोन्ही हातांनी फिरवायची लांब काठी जोडायला घेतली. प्रत्येक सांधा फडक्याने पुसायचा, मेण लावायचं, फिरवून घट्ट करायचा, वरून चिकटपट्टी गुंडाळायची. मग दोरी बोटांतून ओढत तिच्यावरचे वाळूचे कण निपटायचे.

"मामा, नवरी सजवताय का?" डागबियार्तुरने वाळलेल्या माशाचा तुकडा लोण्यात बुडवत विचारलं.

"तू तुझी सजवली नाहीस, म्हणून दर फेकीला तिचा शेंडा पाण्यात पळतो," मामा म्हणाले. "आणि माझ्या काठीला हात लावू नकोस. लोण्याचे हात आहेत तुझे."

हाल्बेरा गुडघाभर पाण्यात उतरली. दोन्ही हातांनी आपली काठी फिरवून तिने दोरी पल्याडच्या काठाकडे भिरकावली. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यात बुडाली आणि प्रवाहाबरोबर वळण घेत, डोह आडवा कापत, तिच्या काठाला येऊन थांबली. एक पाऊल पुढे. पुन्हा फेक. पुन्हा तेच वळण. अशी ती निम्मा डोह उतरली, पण दोरीला कुणी शिवलंसुद्धा नाही.

मग वास आला. सडक्या अंड्यांचा, आधी पुसट, मग घशाला झोंबणारा.

तिने खाली, करड्या प्रवाहाकडे पाहिलं. संगमाकडून मासे वर येत होते! एकामागून एक, काळ्या पाठी, घाई नाही की उसळी नाही. घरात दुखवट्याला माणसं जमावीत तसे ते मुकाट आत आले आणि तिच्या पायांभोवती दाटून उभे राहिले. एकाची शेपटी तिच्या गुडघ्याला टेकली. तो हलला नाही.

"अगं, बघतेस काय? फेक!" डागबियार्तुर कुजबुजला.

तिने फेकलं. माशी त्या गर्दीवरून सरकत गेली आणि अचानक दोरी जड झाली. काठी वाकली. मासा झुंजलाच नाही. नुसता ओझ्यासारखा जवळ येत गेला. मादी होती, पोट तटतटलेलं. हाल्बेराने तिला कापडी पिशवीत घालून पिशवीची दोरी मनगटाला बांधली आणि पिशवी पाण्यातच धरली. मासा मिळाल्याचा आनंद तिला शोधूनही सापडेना.

"हाल्बेरा," मामा सावकाश म्हणाले, "माझी अंगठी बघ."

चांदीची अंगठी कोळशासारखी काळी पडली होती.

"हा ज्वालामुखीचा वायू. वर हिमनदीच्या बर्फाखाली तळं फुटलंय," मामा म्हणाले. "पूर येतोय. पाण्याजवळ थांबायचं नाही. मागच्या कड्यावर चला."

"आणि माझी जीप?" डागबियार्तुर म्हणाला आणि करड्या पाण्याकडे धावला.

"परत ये, गाढवा!"

तो ऐकण्यापलीकडे गेला होता. पाणी मांडीला लागलं. कमरेला लागलं. वरून बर्फाची ढेकळं येऊ लागली. एकाच्या धडकेने त्याचा पाय सुटला! तो कोसळला, वाहत आला, एका खडकाला लटकला. मामा काठाशी पोटावर आडवे झाले आणि त्यांनी आपली काठी पुढे सारली.

"धर!"

त्याने ती दोन्ही हातांनी पकडली. हाल्बेराने मामांचे पाय आवळून धरले. काठी ताणली गेली, करकरली, पण सांधे सुटले नाहीत. डागबियार्तुर गुडघ्यांवर काठाला लागला, आणि त्याच्या अंगाखाली काठी मधोमध मोडली.

"मामा, तुमची..."

"मोडू दे. ऊठ."

पिशवीची दोरी अजून हाल्बेराच्या मनगटाला होती. कडा चढायला दोन्ही हात लागणार होते. ती डोहाशी वाकली. झऱ्याचं पाणी अजून नितळ होतं. म्हणूनच तर हे सगळे मासे इथे आसऱ्याला आले होते, आणि यांच्यातलीच एक ती उचलून नेणार होती. तिने पिशवीचं तोंड सोडलं. मादी बाहेर आली, तिच्या हाताजवळ क्षणभर थांबली आणि बाकीच्यांत मिसळली.

कड्यावरून त्यांना फक्त गडगडाट ऐकू आला. धुकं विरलं तेव्हा वाळवंट नव्हतं, जीप नव्हती. नुसतं करडं पाणी क्षितिजापर्यंत. त्या दिवशी ते लाव्हावरून लंगडत घरी आले. वाटेत डागबियार्तुर एकच वाक्य बोलला, "मामा, नवी काठी मी देईन." मामा म्हणाले, "आधी हात धू."

पूर ओसरल्यावर तिघं पुन्हा गेले, कड्याच्या वाटेने. डोह गाळाने निम्मा भरला होता. पण त्याच्या वर, जिथे झरा लाव्हाखालून फुटतो तिथे, बारीक खडे जागोजागी उकरून धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. एक मोठी मादी अंडी घालायला खळगा करत, कुशीवर होऊन शेपटीने खडे उडवत होती. बाजूला नर. पलीकडे आणखी एक जोडी, त्यापलीकडे आणखी.



"मागे सरा," हाल्बेरा हळूच म्हणाली. "आपली सावली पडतेय त्यांच्यावर."

तिघंही पाय न वाजवता मागे सरले.