शेवटचा परिच्छेद

रत्नागिरीच्या जालसंग्रहालयात इंटरनेटवरून पुसली गेलेली पानं पुन्हा उभी केली जात. शलाका म्हात्रे तिथे एकच पान मागायला आली होती. एकोणीस वर्षं ती त्या पानाला भीत आली होती.

तिचा दादा, निरंजन, एका जलशुद्धीकरण केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा. तिथे क्लोरीनची गळती होऊन सहा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी 'चव्हाटा' या संकेतस्थळावर कोणीतरी बातमीचा दुवा टाकला : 'प्रोग्रॅमरच्या घाईचे सहा बळी?' चव्हाट्यावर तंत्रज्ञानाच्या बातम्या यायच्या, सभासद टोपणनावानं शेरे मारायचे, आवडत्या शेऱ्यांना मतं द्यायचे. पहिला शेरा मारणाऱ्याचा मान मोठा. शलाकानं, म्हणजे तिथल्या 'पाकोळी'नं, मथळा पाहिला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला : "अशा माणसाला घरच्यांनीसुद्धा दार उघडू नये." बघता बघता त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली.

तो माणूस म्हणजे दादा, हे तिला संध्याकाळी आईकडून कळलं. 'पाकोळी' हे नाव तर त्यानंच तिला सुचवलेलं. दादा त्या दिवशी घरी आला नाही. नंतरही कधी आला नाही.

दादाची कंपनी बुडाली, चौकशी अर्धवट राहिली, ती बातमी छापणारं वर्तमानपत्रही बंद पडलं. दादा खरंच दोषी होता का, एवढंच शलाकाला हवं होतं. असला, तर निदान आपण खोटं बोललो नाही, या आधारावर तिला उरलेले दिवस काढता आले असते.

संग्रहालयाचे प्रमुख डॉ. फिरोज मुजावर यांनी तिला 'पुनर्लेखक' समजावून सांगितला. पान नष्ट झालं तरी त्यावरची चर्चा उरते. कुठल्या मजकुरावर लोक काय बोलतात हे यंत्र लाखो पानांवरून शिकलेलं असतं. मग बोलण्यावरून ते मजकूर बांधतं.

"पंगत उठल्यावर पत्रावळी बघून स्वयंपाक ओळखावा, तसं," ते म्हणाले. "ज्या शेऱ्याला मतं जास्त, त्याचं वजन जास्त."

चार मिनिटांत पान उभं राहिलं. प्रोग्रॅमरनं चाचणी टाळली, धोक्याची सूचना दाबली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. शलाकाला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली. मग तिनं शेवटची ओळ वाचली : 'कुटुंबीयांनीही त्याला घराचे दार बंद केल्याचे समजते.'

"सर, ही बातमी सकाळची आहे," ती म्हणाली. "तेव्हा घरी कुणालाच काही माहीत नव्हतं."

मुजावरांनी जुन्या नोंदी काढल्या. कोणता दुवा कोणी उघडला, हे चव्हाटा टिपून ठेवायचा. शेरे सत्त्याऐंशी होते. दुवा उघडणारा सभासद एक.

"पंगत जेवलीच नव्हती, ताई," ते हळूच म्हणाले.

त्या एका सभासदाचं टोपणनाव शलाकानं लगेच ओळखलं. ते दादाचं होतं. त्यानंही एक शेरा लिहिला होता, तिच्यानंतर बारा मिनिटांनी. विरोधी मतं पडून तो तळाला गेला होता, म्हणून यंत्रानं त्याला काडीचं वजन दिलं नव्हतं.

'पाकोळी, शेवटचा परिच्छेद वाच.'

बातमी वाचलेल्या माणसाचा शेरा तेवढाच धरून पान पुन्हा बांधा, असं तिनं सांगितलं. मुजावरांनी बांधलं. वर मथळा आला, खाली सगळं पांढरं. तळाशी एका परिच्छेदापुरती जागा आखून सोडलेली होती.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तरी शलाका ती रिकामी जागा वाचत बसली होती.