अल्वारिन्यूत बर्फ

पोर्तुगालमधल्या मेल्गासूच्या बाजारातून परतताना पावसाची सर आली म्हणून दिओलिंदा नदीकाठच्या खानावळीत शिरली... आणि दारातच थबकली. समोरच्या मेजावर तिच्या पांढऱ्या अल्वारिन्यू वाइनची बाटली होती. तिनेच तोडलेली द्राक्षं, तिनेच चिकटवलेलं लेबल. अन् शेजारच्या पेल्यात — बर्फ! वर संत्र्याची चकती!

"हा अधर्म कुणी केला?"

नवा आचारी हात पुसत बाहेर आला. "मी, बाई. तोमे. वाइन जरा आंबट लागली, म्हणून—"

"आंबट? अल्वारिन्यू आंबट? आणि सोबत वाढलंत काय, तर डुकराचं झणझणीत सॉसेज! पाळण्यातलं पोर उचलून बैलापुढे ठेवलंत तुम्ही!"

"मग काय चुकलं ते चाखून दाखवा ना."

दिओलिंदाने पेला दूर सारला. "मला चालत नाही. ईस्टरपर्यंत वाइन न पिण्याचं व्रत आहे. मेरी माउलीला शब्द दिलाय."

तोमेला हसू आवरेना. "स्वतःची वाइन स्वतः प्यायची नाही, आणि बोलणी मात्र मला!"

झालं! फळीवर तिच्या न खपलेल्या सहा बाटल्या होत्या. तिने साऱ्या टोपलीत भरल्या. "चव कळायला लागली की मागा," म्हणाली, आणि भिजतच घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी ती शिडीवर चढून वेली बांधत होती, तर खाली तोमे उभा. हातात झाकलेलं भांडं, त्यात लसूण-कोथिंबीर घातलेले तिसऱ्या शिंपले.

"वाइनला हात लावू नका, पण हे तर चालतं ना? तुमच्या बाटलीशेजारी शोभेल का, तेवढं सांगा."

तिने एक तिसरी खाल्ली. "कोथिंबीर किती ती! वाइनचा सुगंध गुदमरून जाईल."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी नदीतला मासा आला, डुकराच्या चरबीत तळलेला. "उपासाच्या शुक्रवारी चरबी? मला नरकात धाडायला निघालात?" मग खारवलेला कॉड. "पाणी कितीदा बदललंत?" "दोनदा." "दोनदा! समुद्र तसाच राहिलाय यात!"

तो मान खाली घालून जायचा. मात्र शुक्रवार उजाडला की शिडीवरून आपली नजर सारखी रस्त्याकडे का वळते, याचाच तिला जास्त राग यायचा.

ईस्टरच्या आधी तो रिकाम्या हातांनी आला.

"एक सांगायचंय... त्या दिवसापासून मीही वाइनचा थेंब घेतला नाही. तुम्हाला चालत नाही, तर मला कशी गोड लागेल?"

"कुणी सांगितलं होतं?" ती शिडीवरूनच कडाडली. "व्रत माझं आहे! त्यात वाटा हवा तर आधी विचारायचं असतं!"

"मग... विचारतोय," तोमे हळूच म्हणाला.

ती वेलीकडे वळली. एकाच काडीला तिने तीनदा गाठ मारली.

ईस्टरच्या सकाळी तिने रीतीप्रमाणे क्रूसाच्या स्वागताला उंबऱ्यावर कॅमेलियाच्या पाकळ्या पसरल्या. पाद्रीबाबा क्रूस घेऊन आले, तिने क्रूसाचं चुंबन घेतलं, आणि घंटा वाजवत ते पुढच्या घरी गेले. त्याच पाकळ्या चुकवत चुकवत तोमे आत आला. ताटात उकडलेला समुद्री खेकडा.

"आज सगळं गाव करडाचं मटण खातंय, आणि तुम्ही खेकडा?"

"करडाला लाल वाइन लागते, बाई. तुमच्या घरी पांढरी आहे."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग दोन पेले भरले. एक घोट... हिरवं सफरचंद, लिंबोणीची फुलं. मग खेकड्याचा गोड घास. पुन्हा घोट. डोळे मिटून ती चूक शोधत राहिली. सापडेचना! भारीच संताप आला तिला.

"काही चुकलं?" तोमेने विचारलं.

"...नाही."

"मग बाटल्या नेऊ परत?"

"न्या. पण एकट्या नाही पाठवणार. तुमचा भरवसा नाही, पुन्हा बर्फ घालाल." तिने त्याचा पेला काठोकाठ भरला. "त्यांच्याबरोबर मीही येणार. कायमची."