एकट्यापुरती गाडी

सुकुमार मगदूम रोज सकाळी आधी गाडीला खाऊ घालत आणि मग स्वतः चहा घेत. गल्लीला आता याचं काही वाटत नसे. बॉनेट उघडायचं, इंजिनाशेजारच्या नळीचं झाकण फिरवायचं, तांब्यातल्या गाळलेल्या पाण्यात चमचाभर तपकिरी भुकटी कालवून ते पाणी हळूहळू आत ओतायचं आणि कान लावून उभं राहायचं. आत थोडा वेळ बारीक खदखद व्हायची, भाताला आधण आल्यासारखी, मग सगळं शांत. "झालं बाई तुझं, आता माझं," असं म्हणून अण्णा झाकण लावत. अख्खी सांगली त्यांना अण्णाच म्हणायची.

गाडी काळी, लांबलचक, जर्मन बनावटीची सेडान. एके काळी असली गाडी दारात उभी असली की लोक तिच्या मालकाशी आवाज खाली करून बोलत. तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. हिचं इंजिन मात्र सहा लाख किलोमीटर पळूनही सुरू झालं की नाही ते काट्याकडे बघूनच कळायचं. अण्णांचा बेदाण्याच्या दलालीचा धंदा. आज तासगाव, उद्या जत, परवा विजापूर, वय सत्तरीपार गेलं तरी पायाला भिंगरी. आणि सगळीकडे एकटे.

या चमत्काराचं नाव होतं सजीव वंगण. साधं तेल इंजिनाची झीज कमी करतं, हे तेल झीज भरून काढायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू सोडलेले असत. कुठला भाग थरथरतो, कुठे ताण येतो, ते त्यांना बरोबर कळायचं. तेलात तरंगणारा धातूचा कीस गोळा करून ते तिथल्या ओरखड्यात नेऊन बसवायचे. पुढे गंज लागू नये म्हणून गाडीच्या सगळ्या सांगाड्यातून केसाएवढ्या नळ्या फिरवून त्यांतही हेच वंगण खेळवायची सोय निघाली. अण्णांनी ती हौसेनं करून घेतली. अट एकच होती. दर दोन वर्षांनी जुनं वंगण पूर्ण सोडायचं, औषध घालून आतले जंतू मारायचे आणि कंपनीचं नवं भरायचं. घरचंच बियाणं वर्षानुवर्षं पेरलं की वाण बिघडतं, तसं या जंतूंचंही व्हायचं.

पहिल्यांदा तेल सोडायची वेळ आली तेव्हा अण्णांच्या पत्नी रत्नप्रभाबाई पायरीवर उभ्या होत्या. घर कडक जैनाचं. कांदा-बटाटा उंबरठ्याच्या आत येत नसे, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, पाणी गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नसे. "अहो, त्यात जीव आहेत म्हणता ना? मग सांडता कसे?" एवढंच त्या म्हणाल्या. अण्णा हसले होते. पण तेल काही सोडलं नाही. पुढे बाई आजारी पडल्या, गेल्या, आणि मग तर तो शब्द मोडायचा प्रश्नच उरला नाही. बाई गेल्यापासून आठ वर्षं अण्णा एकटेच त्या जिवांना पोसत होते. खरं सांगायचं तर सकाळी उठून कुणाला तरी खायला घालायचं आहे, या एका गोष्टीवर त्यांचे दिवस निघत होते.

आजची सकाळ मात्र वेगळी होती. मुलगी चारुलता कॅनडाहून येत होती, आईच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. बरोबर चार वर्षांची साची. या नातीला अण्णांनी फक्त पडद्यावर पाहिलेलं. "अण्णा, चारच दिवस जमतंय हं," असं चारूनं आधीच सांगून टाकलं होतं. तिच्या बोलण्यात एक जुनी अढी होती. आई गेल्यावर तिनं परोपरीनं विनवलं होतं, चला माझ्याकडे, निदान मला तरी थोडे दिवस राहू द्या इथे. अण्णा म्हणाले होते, "तू तुझं बघ. माझं मला पुरतं." त्या शब्दांचा तिला किती राग आला, ते त्यांना फार उशिरा कळलं.

दुपारी कोल्हापूरच्या विमानतळावर त्यांना आणायला जायचं होतं. त्याआधी मागच्या सीटवर साचीसाठी लहान मुलांची खुर्ची बसवून घ्यायला अण्णा माधवनगर रस्त्यावर इलाही मुल्लाच्या गॅरेजला आले.

"या अण्णा! म्हातारीला आज नवी नवरी केलीया जणू!" इलाही हात पुसत पुढे आला. गाडीचं सगळं त्याच्याकडेच व्हायचं, तेल सोडण्याचं सोडून. त्यावरून तो दर वेळी टोकायचा आणि अण्णा दर वेळी हसून सोडून द्यायचे. "नात येतीया न्हवं? मग पेढं कुठायत?"

"आधी काम कर, मग पेढे."

इलाहीनं खुर्ची मागे ठेवली, तिचा पट्टा सीटखालच्या कड्यात अडकवला आणि घट्ट बसला का ते बघायला एक हिसडा दिला. पट्टा कड्यासकट हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही. इलाहीनं ते कडं बोटांत दाबलं, तर खारी मोडावी तसा त्याचा भुगा होऊन फरशीवर पडला.

"अगं आई गं..." तो एवढंच म्हणाला.

मग त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली. सीट उचकटून तो बॅटरी घेऊन आत शिरला. दाराच्या बिजागऱ्या, सीटखालची पट्टी, डाव्या बाजूचा खांब, सगळं हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहत सुटला. रंग वरून शाबूत, आत मात्र पोकळ. पुढच्या डाव्या सीटची, म्हणजे रत्नप्रभाबाईंच्या सीटची, पट्टी अंगठ्यानं दाबली तरी वाकली. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र लोखंड नव्या गाडीत असतं त्याहून जाड झालेलं. इंजिन तर टकाटक.

इलाही बाहेर आला आणि टायरवर टेकला. "अण्णा, तुमच्या जंतूंना तेलातला कीस पुरंना झालाय. मग त्येंनी दुसरीकडनं काढाय सुरुवात केली. जिथं कोण बसत न्हाय, जिथं ताण येत न्हाय, तिथनं काढायचं आन् जिथं रोज ताण हाय तिथं न्यायचं. वाण बदललं की असं हुतंय, म्हणून तर सांगत हुतो, सोडा, सोडा."

"पण गाडी तर मख्खन चालते रे!"

"चालंल की. आणखी धा वर्सं चालंल." इलाहीनं मान खाली घातली. "पण तुमच्या एकट्यापुरतीच उरलीया ती. मागं पोरगी बसली आन् कुठं कचकन ब्रेक लागला, तर..."

अण्णा मटकन स्टुलावर बसले. आणखी चार तासांनी त्यांनी साचीला त्याच सीटवर बसवलं असतं, स्वतःच्या हातानं पट्टा लावला असता, वर गालगुच्चाही घेतला असता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि तसेच थांबले.

गुडघे.

पाच वर्षांपूर्वी अण्णांचे दोन्ही गुडघे निकामी झाले होते. मिरजेच्या डॉक्टर कित्तूरबाईंनी त्यांत अस्थिपूरक टोचलं. ते या वंगणाचंच भावंड, फक्त लोखंडाऐवजी हाडं भरणारं. महिन्या-दोन महिन्यांत अण्णा बाहुबलीचा डोंगर न थांबता चढून आले. तिथेही हीच अट होती. दोन वर्षांनी गोळ्या घेऊन जुने जंतू मारायचे, मग नवं इंजेक्शन. अण्णा एकदा गेले, 'मारायचे' हा शब्द ऐकला आणि उठून घरी आले. बाईंनी पुढे बरेच निरोप पाठवले. गुडघे उत्तम होते. कशाला जायचं?

त्यांनी आपले हात डोळ्यांसमोर धरले. स्टीअरिंग तर एका बोटानं फिरायचं. बेदाण्याची खोकी हमाल उचलायचे, गाडीची डिकी आपोआप मिटायची, घरात स्वयंपाकाला बाई होती. या हातांनी शेवटचं वजन कधी उचललं? आठवायला त्यांना वेळ लागला नाही. रत्नप्रभा. शेवटच्या दुखण्यात तिला पलंगावरून उचलून याच गाडीत, याच डाव्या सीटवर आणून बसवलं होतं. त्यानंतर काही नाही. कुणीच नाही.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. कित्तूरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी रागावल्या, मग एकदम मऊ झाल्या. "अण्णा, हातांनी जड असं काय उचलता तुम्ही?"

"काहीच नाही."

बाई लगेच म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशीपोटी या, हाडांचे फोटो काढू. तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका. आणि अण्णा, हे मनावर घ्या."

"बाई, जे गेलंय ते भरून येतं का हो परत?"

"नवं घातलं तर येतं. पण त्या हाडांवर रोज थोडा थोडा भार पडायला हवा, नाहीतर त्यांना कळणार कसं कुठे भरायचं ते? आधी पेला, मग तांब्या, असं हळूहळू. महिने लागतात. बघू."

अण्णांनी फोन खिशात टाकला.

"सोड," अण्णा इलाहीला म्हणाले.

"नक्की?"

"सोड रे बाबा. आणखी विचारू नकोस."

इलाहीनं खाली परात सरकवली आणि बूच काढलं. करडं-हिरवं, दाट वंगण संथपणे पडू लागलं. बराच वेळ पडत होतं. परातीत त्याच्यावर बारीक शहारा उमटत होता, कोमट होतं ते, आज सकाळीच जेवलेलं. इलाहीनं औषधाची बाटली फोडली आणि तोंड फिरवून ओतली. शहारा मिटला. अण्णांनी हात जोडले होते, ओठांत णमोकार मंत्र चालला होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आठ वर्षं घरात दुसरं कोण होतं त्यांना?

"मागचं लोखंड भरंल का रे?" डोळे पुसून त्यांनी विचारलं.

"नवं घालून बगू. पण रोज कोणतरी मागं बसाय पायजे अण्णा. आन् आत्ता तर बसवायची सोय न्हाय." इलाहीनं परात ओढून घेतली. "लेकीला टॅक्सीनं येऊ द्या."

दिवस मावळायच्या जरा आधी टॅक्सी दारात थांबली. स्वयंपाकाच्या बाईनं ताटं मांडून ठेवली होती. अंगणात गाडीची जागा रिकामी होती, तिथे नुसते तेलाचे डाग. चारूचं लक्ष आधी तिथेच गेलं. विमानतळावर न आल्याबद्दल तिनं काही विचारलं नाही, नुसतं वाकून पाया पडली. केसांत पांढरं दिसत होतं तिच्या.

साची मात्र आईचा हात सोडून सरळ धावत आली. पडद्यावरच्या आज्जाला तिनं क्षणात ओळखलं. समोर येऊन तिनं दोन्ही हात वर केले. "आज्जा, उचल!"

अण्णा झटकन पायरीवर बसले. गुडघे कुरकुरलेही नाहीत, मेले कसे ठणठणीत होते. त्यांनी हात पसरले, ती येऊन छातीला बिलगली, प्रवासानं घामेजलेली, केसांना शॅम्पूचा वास. त्यांनी हात तिच्याभोवती नुसते टेकवले. दाबलेसुद्धा नाहीत.

"असं नाही. वर उचल," ती कानाशी म्हणाली. "उठ ना, आज्जा."

अण्णांनी दंडांत जोर आणून पाहिला. मनगटाजवळ काहीतरी बारीक करकरलं, की त्यांना भास झाला, कोण जाणे. त्यांनी हात सैल सोडले.

चारू बॅगा तशाच ठेवून बघत होती. तिचा चेहरा आठ वर्षांपूर्वी होता तसा होत चालला. "घ्या की तिला अण्णा. एवढ्या लांबून आलीय ती. एकदा उचलून घेतलंत तर काय बिघडेल तुमचं?"

"घ्यायचंय गं," अण्णा म्हणाले. "देवाशप्पथ घ्यायचंय. पण माझ्या हातांचा भरवसा नाही उरलाय, चारू. जिथे कुणी नव्हतं तिथलं सगळं पोकळ होऊन बसलंय. माझं मला पुरतं म्हणालो होतो ना तुला? तेवढंच उरलंय बघ. माझ्यापुरतं."

चारूला त्यातलं काहीच कळलं नाही, पण बापाला असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेरच्या पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसली. साची कंटाळून त्यांच्या मांडीवर चढली आणि शर्टाच्या गुंडीशी खेळू लागली. आत ताटं निवत होती. मावळतीला फार वेळ उरला नव्हता, तरी कुणी उठलं नाही.

पाहुण्यांसाठी पायरीवर आणून ठेवलेला पेला अण्णांनी उजव्या हातानं उचलला. पाण्यानं भरलेला, साधा स्टीलचा पेला. थोडा वर नेला, तसाच धरून ठेवला, मनगट भरून आलं, तरी धरून ठेवला. मग खाली ठेवला आणि मुलीकडे न बघता विचारलं,

"चारू, चार दिवसांहून जास्त राहता येईल का गं तुला?"