दोनशे चाळीस कपकेक आणि एक पितळी माप

"चोर कोण ते मला माहीत आहे," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "तुम्ही फक्त सिद्ध करून द्या. दहाच्या आत."

इन्स्पेक्टरबाईंना याचं नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना चोर आधीच माहीत असायचा. बाई पोलिसातल्या नव्हत्या. तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनमापं तपासून निवृत्त झाल्या होत्या आणि आता खाजगी तपास करत. सोबतीला मास्तर. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. जगातली कोणतीही नदी त्यांना सापडायची, डोक्यावर चढवलेला चष्मा तेवढा सापडायचा नाही.

सकाळचे साडेसात झाले होते. काकूंच्या भाचीचं लग्न संध्याकाळी पाचला होतं. लग्नासाठी दोनशे चाळीस कपकेक करायचं काकूंनी कबूल केलं होतं. काल दिवसभर खपून ते केले, कोठीत ठेवले. आज फक्त वर क्रीम चढवायचं. सहाला कोठी उघडली, तर दहाच्या दहा ट्रे रिकामे. घासून, पुसून, उपडे घातलेले.

"चोर टापटिपीचा दिसतो," मास्तर म्हणाले.

"चोर माझी धाकटी जाऊ आहे," काकू म्हणाल्या. "मागच्या अंगणापलीकडे राहते. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. चारचौघांत म्हणाली होती, वहिनींचा केक कोरडा असतो."

'कोरडा' हा शब्द काकूंनी अशा सुरात उच्चारला की मास्तरांनी चटकन खाली पाहिलं.

"दहाला सगळी पाहुणेमंडळी नाश्त्याला जमतील. तेव्हा मी उभी राहून नाव घेणार. मग लग्नात एक तर ती, नाही तर मी."

"अगं, माझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी कसल्या या शपथा घेतेस?" नवरीची आई, म्हणजे काकूंची थोरली बहीण, कळवळून म्हणाली. ती चार दिवसांपासून मदतीला आली होती आणि दिसेल ते आवरत सुटली होती.

बाई कोठीच्या मागच्या दाराशी गेल्या. "याची कडी?"

"आतून असते. काल मीच लावली. सकाळी उघडी होती."

"आतून," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याकडे वळल्या. खिळ्याखाली भिंतीवर काळपट गोल डाग होता. "इथं काय असतं?"

काकूंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माझं पितळी माप! सासूबाईंचं. बावीस वर्षं त्यानंच मोजते. तेही नेलं मेलीनं!"

"तराजू नाही वापरत?"

"तराजू कशाला? पहिला डबा मैद्याचा, मधला साखरेचा, कडेचा मिठाचा. पावाला मीठही लागतंच की भरपूर. डोळे बांधा माझे, तरी चुकणार नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर तीस वर्षांच्या नोकरीचं दुःख उमटलं.

तीन एकसारखे डबे लखलखत होते. "परवा मीच घासले," थोरली बहीण अभिमानानं म्हणाली. "नुसते काळवंडले होते. रिकामे केले, घासले, पुन्हा भरले."

बाईंनी मधला डबा एका बोटानं सरकवला. कडेचा मात्र दोन्ही हातांनी हलेना. झाकण काढलं, तर काठोकाठ भरलेला. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, मग आणखी एक चिमूट. बाई चहा न घेता निघाल्या असाव्यात, असं मास्तरांना वाटलं.

"काल करताना काही वेगळं वाटलं?"

"वेगळं काय वाटायचंय? हात भरून आले. मिश्रण जड लागत होतं. आणि मेले रंगच धरेनात! पाच-पाच मिनिटं जास्त ठेवले, तरी फिके ते फिकेच. म्हटलं, वर क्रीम येणारच आहे."

"चवीला?"

"मी चाखत नाही. या घरात पहिला केक आप्पांचा, माझ्या सासऱ्यांचा. ते छान म्हणाले की झालं. काल तर दोनदा म्हणाले."

मास्तर थकून भट्टीला टेकले आणि दचकून सरळ झाले. भट्टी बर्फासारखी गार होती. नवल आहे, त्यांच्या मनात आलं. गल्लीत शिरल्यापासून ताज्या केकचा वास येतोय, आणि इथं सकाळपासून काडीसुद्धा ओढलेली नाही. पण वासाचं कोणी विचारलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत.

आप्पा ऐंशीचे. जन्मभर शिंपीकाम केलेले. खोलीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्यांचे सहा कोट खुर्चीवर ढीग होऊन पडले होते. उशाशी पाण्याचे दोन तांबे, दोन्ही रिकामे. आप्पा कपाटाला पाठ लावून बसले होते.

"कालचा केक कसा होता?" बाईंनी विचारलं.

"छान."

"गोड होता?"

आप्पांनी थोडा विचार केला. "छान होता."

"रात्री काही आवाज ऐकलात?" बाई अगदी हळू पुटपुटल्या.

"मला ऐकायला कमी येतं," आप्पांनी लगेच उत्तर दिलं.

अंगणापलीकडे धाकटीनं दार वीतभरच उघडलं. डोळे तांबारलेले, मनगटावर भाजल्याचा ताजा चट्टा. हवा बोचरी होती, तरी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या आणि आत पंखा गरगरत होता.

"तुमच्या वहिनींचे केक चोरीला गेलेत," मास्तर करड्या आवाजात म्हणाले.

"ऐकलं."

"तुम्ही नेलेत?"

"मी? खाऊन ठसका लागायचा." ती आत घड्याळाकडे बघत होती. "झालं विचारून?" दार लागलं.

"हीच!" मास्तर अंगणातच म्हणाले. "डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही."

"मास्तर, तुम्हाला वास येतोय का?"

"येतोय की. मघापासून!"

"मग मघाशीच सांगायचंत."

सव्वानऊला बाईंनी काकूंना, बहिणीला आणि आप्पांना कोठीत बोलावलं.

"चोरानं केक नेले, हे समजतं," बाई म्हणाल्या. "पण ट्रे कशाला घासले? घासलेले ट्रे पुन्हा भरायचे असतात. आणि माप कशाला नेलं? ज्याला केक बिघडवायचेत त्याला माप लागत नाही. ज्याला अगदी तसेच केक करायचेत, त्याला लागतं."

काकू रिकाम्या खिळ्याकडे बघायला लागल्या.

"आता डबे. दोनशे चाळीस केक झाल्यावर साखरेच्या डब्यानं तळ दाखवायला हवा. मधल्या डब्यानं दाखवलाय. पण काठोकाठ भरलाय तो कडेचा, तुमचा मिठाचा. त्यातली एक चिमूट मी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मास्तर, मिठाची दुसरी चिमूट कोणी खातं का?"

"म्हणजे त्यात साखर आहे?" मास्तर ओरडले.

"सगळी. डबे घासल्यावर ताईंनी अदलाबदल करून भरले. आणि काकूंच्या हाताला डबा ओळखीचा, आतली वस्तू नाही. तेच माप मिठानं भरलं की साखरेपेक्षा जड होतं, म्हणून मिश्रण जड. साखर नाही, म्हणून रंग नाही."

थोरल्या बहिणीनं कडेच्या डब्यातली चिमूट चाखून पाहिली. काकूंनी मधल्या डब्यातली चाखली आणि थुंकली. "पण आप्पांनी छान म्हटलं!"

सगळे आप्पांकडे वळले.

"बावीस वर्षं म्हणतोय," आप्पा म्हणाले. "ऐन वेळी दुसरा शब्द सुचेना."

"त्या केकनं दोन तांबे पाणी प्यायला लावलं यांना," बाई म्हणाल्या. "रात्री आतून कडी यांनीच काढली. केक यांच्या कपाटात आहेत. शिंपी आपले कोट खुर्चीवर फेकत नाही."

"आप्पा, मला उठवायचं नाही का?"

"तू केसांत मैदा घेऊन उभी होतीस. धड उभं राहवत नव्हतं तुला. म्हटलं, झोपू दे. उठेपर्यंत ट्रे भरलेले असतील." आप्पांनी घसा खाकरला. "धाकटीला म्हटलं, वहिनीचे केक बिघडलेत. तर म्हणते, तिचा केक कोरडा असतो, बिघडलेला नसतो. मी खाऊ घातला तेव्हा पटलं. मग म्हणाली, माप घेऊन या, तिच्याच मापानं करते. पण तिच्या भट्टीत एका वेळी चोवीसच मावतात, त्यात दोन तास वीज गेली."

"म्हणून तो वास, तो पंखा आणि तो चट्टा," बाई म्हणाल्या. "ही चोरी नव्हे, काकू. अर्धवट राहिलेली अदलाबदल आहे."

तेवढ्यात मागचं दार कोपरानं ढकलत धाकटी आत आली. हातात ट्रे, ट्रेवर सोनेरी रंग धरलेले चोवीस कपकेक, आणि मधोमध पितळी माप.

"शेवटचा घाणा आहे," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "बाकीचे नऊ गार झालेत. न्यायला या कोणीतरी."

काकूंनी ट्रेवरचं माप उचललं. पदरानं पुसून ते खिळ्याला अडकवलं. मग धाकटीचं मनगट धरलं, चट्टा पाहिला आणि तिला ओढतच नळाखाली नेलं. नळ बराच वेळ चालू होता. दोघींपैकी कोण रडतंय ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही, आणि मास्तरांनी या खेपेला निरीक्षण करायचं टाळलं.

दहाला नाश्त्याच्या वेळी काकू उभ्या राहिल्या. त्या कोणाचं तरी नाव घेणार आहेत, ही बातमी पोह्यांच्या बश्यांबरोबर घरभर फिरली होती. सगळ्यांचे चमचे थांबले.

"आज मी एक नाव घेणार होते," काकू म्हणाल्या. "ते घेतेच. संध्याकाळचे केक मी केलेले नाहीत. माझे बिघडले. हे हिनं केलेत, रात्रभर जागून." आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावेचं नाव घेतलं. पूर्ण, लाडानं, शेवटचा स्वर लांबवून.

नवरीनं आधी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

धाकटीनं हळूच एक केक पुढे केला. "कोरडा झालाय का, वहिनी?"

काकू या घराचा नियम मोडून पहिला घास घेणार होत्या, पण थबकल्या. त्यांनी केक आप्पांपुढे धरला.

आप्पांनी सावधपणे पाण्याचा तांब्या जवळ ओढला. अगदी छोटा घास घेतला. मग मोठा. मग तांब्या दूर सारला.

"छान," ते म्हणाले. एकदाच.