ओकाची मेढ

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तिथल्या बागेत एक ओक आहे. नऊ वर्षांपूर्वी मी उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरहून टोपी घातलेल्या सुपारीसारखं त्याचं फळ आणलं आणि कुंडीत रुजवलं. थंड डोंगरातलं झाड. इथल्या उन्हात वर्षाला जेमतेम वीतभर वाढतं. पानं दातेरी कडांची, वरून गर्द हिरवी, खालून राखाडी लव असलेली. फळ धरायला अजून वीसेक वर्षं तरी लागतील. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्याची उंची मोजते.

मेच्या पहिल्या सोमवारी त्याची सर्वांत मोठी फांदी जागेवर नव्हती. बुंध्यावर कुऱ्हाडीचा तिरका, स्वच्छ घाव होता.

"लग्नाची मेढ केली, मॅडम," माळी मुंजाबा म्हणाला. त्याच्या धाकट्या मुलीचं, सत्यशीलाचं लग्न चार दिवसांवर होतं. मांडव घालायच्या आधी अंगणात झाडाची फांदी रोवतात, ती मेढ.

"आख्खी बाग सोडून हेच झाड सापडलं?"

"आमच्या घरात कुणी ज्याचं फळ खाल्लं नाय, त्याच झाडाची मेढ चालती. उंबर खाल्ला, जांभळं खाल्ली, आंब्याचं तर इचारूच नका. ह्याचं फळ तर झाडावर तुम्ही बी बघितलं नाय."

तर्क बिनचूक होता. मला राग धरता आला नाही.

त्याचं घर बागेच्या भिंतीपलीकडेच. अंगणात मेढ उभी होती, हळद-कुंकू लावलेली. मुंजाबाची बायको बानाबाई चहा घेऊन आली. "झाड कसलं म्हणायचं हे?"

"तिकडे युरोपात ओक म्हणजे बळ आणि लांब आयुष्य. वीज पडली तरी हटत नाही म्हणतात."

"मग जावयाचं अवघड हाय," बानाबाई म्हणाली. सत्यशीला आतून हसली. तिचं आणि बिभीषणचं वाळूजच्या एकाच कारखान्यात काम. शिफ्टच्या बसमध्येच जमलेलं.

दुसऱ्या दिवशी बिभीषणची चुलत आजी वारली. सुतक आलं. लग्न पंधरा दिवस पुढं गेलं.

बानाबाई संध्याकाळी माझ्याकडे आली. "थोरलीच्या टायमाला मेढ वाळली अन् सोयरीक मोडली. पाव्हणे अजून त्येच काढत्यात. आता हिचं बी तसंच झालं तर? मेढ एकदा रोवली की बदलता येत नाय. टिकंल का, मॅडम?"

बेचाळीस अंश तापमानात तोडलेली फांदी तिसऱ्या दिवशी कुरकुरीत होते. हे मी दरवर्षी शिकवते.

तिसऱ्या दिवशी पानं ताजी होती. चौसष्ट. मी मोजली.

सहाव्या दिवशी सदुसष्ट. नवी पानं तांबूस, मऊ.

"पाणी घालता का?"

"मेढीला पाणी घालत नसतेत," मुंजाबा म्हणाला. बुडाची माती खडखडीत होती. शेजारून आगगाडी गेली, पत्रे थरथरले. फांदी हलली नाही.

बाराव्या दिवशी एकाहत्तर. बानाबाई गाणं म्हणत हळद कांडत होती. मी वही बंद केली.

लग्न थाटात झालं. शिफ्टमधली चाळीस पोरं मोटारसायकलींवरून वरातीत आली. बिभीषण उखाण्यात तीनदा अडकला, तेव्हा सत्यशीलानेच तो पुरा केला. मेढीला हात लावून दोन्हीकडच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, अशी हिरवी मेढ बघितली नव्हती. मीही नाचले. हे लिहून ठेवते, कारण विद्यार्थ्यांचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या सकाळी मेढ काढायची होती. मुंजाबाने ओढली. निघाली नाही.

त्याचा भाऊ आला. मग मेव्हणे. मग आठ जण.

"पोरगी सासरी गेली," एक जण म्हणाला, "अन् ही माहेर सोडंना."

सगळे खो खो हसत चहाला आत गेले.

मी खुरपं घेतलं आणि बुडाशी बसले. छाटलेल्या फांदीला मुळं फुटू शकतात. वीस दिवसांत, अशा मातीत, अवघड आहे, पण फुटू शकतात. मला ती बघायची होती.

हातभर माती काढली. सगळीकडून.

टोक दिसलं. कुऱ्हाडीचा तिरका काप, पांढरा, आत्ता तोडल्यासारखा ओला. एकही मूळ नाही.

मी कापाखाली बोट घातलं. मग सगळा तळवा.

खाली काही नव्हतं. बाजूलाही नव्हतं. फांदी कशालाच टेकलेली नव्हती. उभी होती.

"मुळं धरली व्हय, मॅडम?" बानाबाईने दारातून विचारलं. तिच्या चेहऱ्यावर कालची हळद होती.

"धरली," मी म्हणाले.

माझा हात अजून खालीच होता. तळव्याला खालून थंड वारा लागत होता. येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.