उतरती रेघ

खरं तर तो टायरमध्ये हवा भरायला आला होता. दातांचा डॉक्टर, नुकताच दवाखाना थाटलेला. पण गॅरेजात तपासणीसाठी नोंदवलेली गाडी निळी, याचीही निळी, आणि तपासणारी मुलगी कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवून बसलेली. तिने हात पुढे केला, त्याने चावी दिली. बघता बघता गाडी इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या जाड रोलरांवर चढली, पट्ट्यांनी जखडली गेली आणि जागच्या जागी सुसाट धावू लागली.

"हवा अशी तपासतात?" इंजिन थांबल्यावर त्याने भीत भीत विचारलं.

चूक कळली तशी ती कानापर्यंत लाल झाली. तो हसला तेव्हा त्याचा समोरचा एक दात किंचित वाकडा दिसला, आणि दातांच्या डॉक्टरचाच दात वाकडा म्हटल्यावर तिलाही हसू आवरेना.

पडद्यावरचा आकडा पाहून मात्र त्याचा चेहरा उतरला. कंपनीने एकशे वीस हॉर्सपॉवर सांगितली होती, इथे जेमतेम शंभर. गाडीला काही झालंय का, त्याने विचारलं... पेशंटचे नातेवाईक विचारतात तसं. तिने समजावलं, की कंपनी इंजिनापाशी मोजते आणि आपण चाकापाशी.

"विहिरीवर भरलेली घागर घरी येईपर्यंत थोडी सांडतेच," ती म्हणाली. "म्हणून विहीर आटली असं नसतं."

त्याला ते फार आवडलं. इतकं, की पुढच्या शनिवारी तो मोकळा सायलेन्सर आणि नवा एअर फिल्टर बसवून हजर. तिने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंप्युटरमधली गणितं बदलली, आणि पडद्यावरची रेघ एकशे चौदापर्यंत चढली. मामाने पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली. गॅरेज मामाचं. फोन घेण्याच्या टेबलावरून उठवून त्याने भाचीला या खुर्चीत बसवलं होतं ते फक्त बघू या म्हणून, आणि गाडी मुलगी बघणार म्हटल्यावर नाक मुरडणारी गिऱ्हाइकं कमी नव्हती.

पण पुढच्याच शनिवारी डॉक्टर पुन्हा दारात. गाडीची ओढ कमी वाटतेय म्हणे. आकडा एकशे दहा. मग एकशे चार. ती गणितं पुन्हा मांडी, आणि आकडा पुन्हा खाली येई. तिने उकाड्याला दोष दिला, पण हवामानाचा फरक यंत्र स्वतःच वळता करून घेत होतं. टायर तपासले, पट्ट्या तपासल्या. शेवटी उरली ती स्वतः.

तो मात्र शेजारी स्टूल ओढून खुशाल बसलेला.

"रेघ बघताना तुम्ही खालचा ओठ चावता," तो एकदा म्हणाला. "चांगलं नाही ते."

"दवाखान्यात पेशंट नाहीत वाटतं?"

"आहेत ना. पण सगळे तोंड उघडून बसतात... बोलत कोणीच नाही."

तिला हसू यायचं, आणि हसू येतंय याचाच राग यायचा. कारण आकडा सत्त्याण्णववर आला, म्हणजे पहिल्या दिवसाहूनही खाली, तेव्हा मामाने तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. आवाज न चढवता त्याने सांगितलं, की बाहेरून एक जाणता माणूस यायला तयार आहे, आणि फोनचं टेबल अजून रिकामंच आहे.

त्या दुपारी, डॉक्टर शेजारी स्टुलावर असतानाच, तिने त्याच्या गाडीच्या सगळ्या रेघा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. अर्ध्या वाटेपर्यंत त्या अगदी एकाच दोऱ्यासारख्या. फाटत होत्या त्या वर, इंजिन जिवाच्या आकांताने फिरतं तिथे. तिचं गणित चुकलं असतं तर रेघ पहिल्यापासूनच वाकडी गेली असती. या गाडीला खाली काही दुखत नव्हतं. वर मोठा श्वास लागला की पुरत नव्हता. जणू कोणी तोंडावर हात ठेवलाय...

तिने बॉनेट उघडलं. फिल्टरच्या तोंडाशी कापसाच्या छोट्या पांढऱ्या वळकट्या, गाल आणि हिरडीमध्ये ठेवाव्यात तशा, एका ओळीत, नीटनेटक्या.

"डॉक्टर, गाडीच्या तोंडात कापूस कोणी घातला?"

तो स्टुलावरून उठला. पुन्हा बसला. "मी," म्हणाला. "गाडी बरी झाली असती तर... मी कशाला आलो असतो इथे?"

तिच्या ओठांवर हसू आलं. पण क्षणभरच.

"तुमच्या कापसापायी माझी खुर्ची चाललीय," ती म्हणाली, आणि मामाचं बोलणं तिने त्याला सांगून टाकलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्याने सगळ्या वळकट्या ओंजळीत गोळा केल्या आणि सरळ मामाच्या केबिनमध्ये शिरला. काचेपलीकडचं ऐकू येत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की डॉक्टर ओंजळ पुढे करून बोलतोय आणि मामाच्या मिशा थरथरताहेत. रागाने, असं तिला वाटलं. दार उघडलं तेव्हा कळलं, मामा हसू दाबत होता.

"बॉनेट उघडायच्या आधीच ओळखलंस?"

"रेघेवरून," ती म्हणाली.

"मग त्या माणसाला सांगतो, येऊ नकोस म्हणून." मग तो डॉक्टरकडे वळला. "आणि तुम्ही हो... लोक फुलं आणतात."

गाडी शेवटची रोलरांवर चढली. रेघ न अडखळता एकशे चौदाला भिडली. रबराचा जळका वास हवेत तरंगत राहिला, पंखा हळूहळू थांबला.

"आता गाडी ठणठणीत," तो म्हणाला. असं तोंड करून, जणू वाईट बातमीच सांगतोय.

"हं." ती वाकून पट्ट्या सोडत होती. "शनिवारी गाडी आणू नका."

"नाही आणणार," तो अगदी हळू म्हणाला.

"चालत या. पाचला सुटते मी. नदीच्या पुलापर्यंत जाऊ... जमेल?"

त्याने नुसती जोरजोरात मान डोलावली, वळला आणि तडक फाटकाकडे चालू लागला. चावी तिच्याच हातात, गाडी रोलरांवर.

"डॉक्टर," तिने हाक मारली, "आज घेऊन जा हो गाडी."