झबल्याची डावी बाही

शेकोटी विझत आली तरी पोरं उठेनात, तेव्हा एकनाथकाका म्हणाले, "बरं, ऐका. आमच्या ऑफिसातल्या नकुलच्या बाबतीत घडलंय हे. इथेच, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये."

नकुल त्या शनिवारी झबलं आणायला निघाला होता. मुलगी पाच दिवसांची. पाच रात्री डोळ्याला डोळा नव्हता. त्याची बायको प्रीता तर बसल्या बसल्या पेंगायची. नकुलच्या आईचा व्हिसा अडकलेला, म्हणून ती नागपूरहून व्हिडिओवर बजावत होती, "बारशापर्यंत नवं कापड घालू नकोस रे. कुणाच्या धडधाकट पोराचं वापरलेलं झबलं आण." आता इथे कुणाकडे मागणार?

वाटेत एका घरी जुन्या सामानाचा सेल लागला होता. तिथे मिळालं. शंभरेक वर्षांपूर्वी हाताने शिवलेलं, पांढरं, मऊसूत. डाव्या बाहीची कड मात्र न दुमडलेली. विकणारी बाई म्हणाली, "पणजीने शिवलंय. अर्धवटच राहिलं." का राहिलं, ते नकुलने विचारलं नाही. जुनं म्हणजे वापरलेलंच, असं धरून चालला. इतका दमला होता बिचारा.

झबलं घातलं आणि बाळ गपकन झोपलं.

हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे जातात ती रात्र. दोन वाजणार, तोच फोनवर पुन्हा एक झाला. "चला, एक तास एक्स्ट्रा," प्रीता पुटपुटली आणि कूस बदलून झोपली. नकुल पाळण्याशेजारी खुर्चीत टेकला.

त्या दुसऱ्यांदा आलेल्या तासात आवाज आला. सर्र... थांबला. सर्र... कापडातून दोरा ओढल्याचा.

"सिरियसली, काका?" पोरांतला अथर्व म्हणाला.

काकांनी निखारे उकरले आणि पुढे सांगू लागले.

नकुलला ऐकू येत होतं. उठवत नव्हतं. कोण असेल ते असो, बाळ झोपलंय ना...

मग लक्षात आलं. बाळाचा श्वास ऐकू येत नाही. हात लावला. गार.

"प्रीता! ९११ लाव!"

झबलं ओरबाडलं. भिरकावलं. अंगातला जुना टी-शर्ट फाडला. पोरीला गुंडाळलं. चोळलं...

काही नाही.

...

अँब्युलन्स यायच्या आत पोरीने टाहो फोडला. नकुलही ढसाढसा रडला. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे.

सकाळी तो झबलं परत करायला गेला. बाही तशीच होती, न दुमडलेली. बाई म्हणाली, पणजीने ज्या बाळासाठी ते शिवायला घेतलं, ते जन्मतःच गेलं होतं. झबलं कुणी घातलंच नव्हतं.

घरी येऊन त्याने पोरीभोवतीचा टी-शर्टचा तुकडा सोडवला. फाटकी कड दुमडलेली होती. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सारखे टाके. तीन बाजू झाल्या होत्या.

दोरा तोडलेला नव्हता.